बिलाबाहेरचं कोरेगाव पार्क

बाहेरच्या खाण्यापिण्यावरून पुणं पहिल्यांदा भांडलं ते काही पबवरून नाही. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक, रानडे आणि त्यांच्याबरोबरच्या कित्येक प्रतिष्ठितांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. कुणी प्रायश्चित्त घेतलं, कुणी चहा पुढे आला होता पण प्यायलो नाही अशी बाजू मांडली. वर्तमानपत्रांचे रकाने भरले ते एकाच गोष्टीने : धर्म बुडाला की उरला. तो चहा केला कुणी, कप विसळले कुणी, हे प्रश्न त्या गदारोळात कुणाला पडल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला भरधाव पोर्शेच्या धडकेत दोन तरुण आयटी अभियंते गेले. गाडी चालवणारा मुलगा अल्पवयीन होता आणि त्याआधी दोन ठिकाणी दारू पिऊन आला होता, असं पोलिसांनी सांगितलं. ज्या राज्यात कडक दारूसाठी वयाची अट पंचवीस आहे, त्या राज्यात. बाल न्याय मंडळाने जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, त्यावर देशभर संताप झाला आणि तो रास्तच होता. पण खरं सांगायचं तर शहरानेही पुढचा महिनाभर निबंधच लिहिले. विद्येचं माहेरघर, हरवलेले संस्कार, पैसेवाल्यांची पोरं, पाश्चात्त्यांचं अनुकरण. महापालिकेचे जेसीबी काही दिवस हॉटेलांच्या शेडवर चालले, उत्पादन शुल्क खात्याने सील ठोकली. मग निबंध थांबले आणि काही शेडही जागच्या जागी परत आल्या.

माझं म्हणणं असं की कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, आता बाणेर-बालेवाडी, इथल्या महागड्या हॉटेलांबद्दल संस्कृतीच्या भाषेत बोलणं आपण काही काळ थांबवावं आणि हिशेबाच्या भाषेत बोलावं. आत बसलेला सज्ञान माणूस काय खातो, काय पितो, कुणाबरोबर बसतो, हे त्याचं तो बघेल. त्याच्या जेवणाचा जो खर्च दाराबाहेर सांडतो आणि बिलात कधीच येत नाही, तो कोण भरतं हे मात्र आपण विचारायला हवं. संस्कृतीची चर्चा सगळ्यांच्या सोयीची असते, कारण तिच्यात कुणाचा एक रुपया जात नाही.

महाग जेवणावर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकतो. तीनशे रुपयांच्या कॉफीवर पेठेत बसून विनोद करणं सोपं आहे. पण जरा आकडेमोड करून बघा. हॉटेलच्या बिलावर पाच टक्के जीएसटी दिसतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, सरकारने मेहेरबानी केली. हा दर १५ नोव्हेंबर २०१७ पासून आला, तेव्हा त्याच्याबरोबर हॉटेलवाल्याचं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा करून घ्यायची सोय, गेलं. म्हणजे जागेच्या भाड्यावर अठरा टक्के जीएसटी भरायचा, आणि त्यातलं काहीही वजा करून घ्यायचं नाही. भट्टी, फ्रिज, सजावट यांच्यावरच्या कराचंही तेच. दारू जीएसटीच्या बाहेर, तिच्यावर राज्याचा व्हॅट; म्हणून बऱ्याच ठिकाणी एकाच टेबलावर दोन बिलं येतात. हा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून पाचाचा दहा टक्के झाला. मग परवान्याचं शुल्क, मग २०२५ मध्ये उत्पादन शुल्क. १४ जुलै २०२५ ला परमिट रूमवाल्यांनी राज्यभर बंद पाळला तो उगाच नव्हे. तीनशेच्या कॉफीत कॉफी थोडीच असते. भाडं, एसी, बसायला मऊ खुर्ची आणि कुणी 'अजून काही?' असं विचारणार नाही अशा दीड तासाची किंमत असते. ज्याला परवडतं त्याने द्यावी.

प्रश्न त्या तीनशे रुपयांत न मावणाऱ्या गोष्टींचा आहे. त्यासाठी ही हॉटेलं नेमकी कोरेगाव पार्कातच का आली, ते आठवावं लागेल.

हा मूळचा संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या बंगल्यांचा भाग. मोठे प्लॉट, ओळीने काढलेल्या गल्ल्या, दोन्हीकडच्या वडांनी वर धरलेली सावली. १९७४ मध्ये रजनीशांचा आश्रम आला आणि त्याच्यामागे देशोदेशीची माणसं. त्यांना सकाळी पाव लागायचा, दुपारी कॉफी आणि संध्याकाळी गप्पा मारत बसायला एखादा कोपरा. १९८९ मध्ये जर्मन बेकरी सुरू झाली ती या गरजेतून. आश्रमवासीयांच्या मरून रंगाच्या झग्यांकडे कुतूहलाने आणि बऱ्याचशा संशयाने बघणारं जुनं पुणं तिकडे फारसं फिरकत नसे. १३ फेब्रुवारी २०१० ला तिथे स्फोट झाला, १७ जणांचा जीव गेला, आणि त्या दिवसानंतर हा भाग परका राहिला नाही. तीन वर्षांनी बेकरी पुन्हा उघडली तेव्हा केक आवडो न आवडो, मुद्दाम जाऊन बसणारे लोक होते.

तेव्हा आज तिथलं हॉटेल 'अँबियन्स' म्हणून जे विकतं, त्यातलं निम्मं तरी मालकाने बनवलेलं नाही. वड त्याने लावलेले नाहीत. रस्त्याची रुंदी आणि गल्लीतली शांतता त्याला आयती मिळाली. त्याने गुंतवणूक केली, जोखीम घेतली, चांगला शेफ आणला, हे सगळं मान्य. पण त्याच्या धंद्याचं अर्धं भांडवल सार्वजनिक आहे आणि त्याचं भाडं तो कुणालाच देत नाही.

पार्किंग घ्या. शनिवारी रात्री नऊच्या सुमाराला नॉर्थ मेन रोडवर जाऊन उभे राहा. गाडी थांबते, दार उघडतं, व्हॅलेचा मुलगा किल्ली घेतो, पावती देतो, गाडी निघून जाते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने पार्किंगचा प्रश्न तिथे सुटला. गाडी जाते कुठे? बहुतेक वेळा शेजारच्या गल्लीत, कुणाच्या तरी सोसायटीच्या फाटकाला लागून, फुटपाथवर दोन चाकं चढवून. व्हॅलेचे पैसे हॉटेल घेतं किंवा जेवणात धरतं. ज्या जागेवर गाडी उभी राहते ती महापालिकेची, म्हणजे आपल्या सगळ्यांची, आणि तिला भाडं शून्य. समजा साठ खुर्च्यांचं हॉटेल आहे. सहाजणांचं टेबल दोन गाड्यांतून आलं तरी वीस गाड्या झाल्या, आणि स्वतःच्या आवारात जागा चारांची. उरलेल्या सोळा गाड्यांचा खर्च गल्लीवर. आजी-आजोबांना रात्री फेरी मारायची तर ती आता रस्त्याच्या मधून मारावी लागते.

पुण्याच्या मुख्य सभेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं होतं. आधी मोजक्या रस्त्यांवर पैसे घेऊन पार्किंग, मग पुढे, असा बेत होता. रस्त्यावर गाडी लावायचे पैसे? पुण्यात? सर्वपक्षीय ओरड झाली आणि धोरण कागदावर राहिलं. मला हा आपल्या शहराचा सगळ्यात ढोंगी निर्णय वाटतो. चार हजारांचं जेवण जेवणाऱ्याला गाडीच्या जागेचे तासाला पन्नास रुपये मागणं जाचक ठरतं, आणि फुटपाथ गेल्यामुळे रस्त्यावरून चालणाऱ्या मोलकरणीचा जीव धोक्यात जातो ते मात्र चालतं.

मेट्रोचंही असंच. ६ मार्च २०२४ पासून वनाज-रामवाडी मार्ग पूर्ण धावतो. बंडगार्डन आणि कल्याणीनगर ही दोन्ही स्टेशनं या हॉटेलांच्या हाकेच्या अंतरावर. कोथरूडहून जेवायला येणाऱ्याला गाडी काढायचं कारण नाही आणि पिऊन चालवायचं तर मुळीच नाही. पण शेवटची मेट्रो रात्री अकराच्या आसपास, आणि हॉटेलात शेवटची ऑर्डरही त्याच सुमाराला घेतात. शुक्रवार-शनिवारी मेट्रो दीडपर्यंत चालवली तर दारू पिऊन गाडी चालवण्यावर चार नाकाबंद्यांपेक्षा जास्त परिणाम होईल असं मला वाटतं. संस्कृतिरक्षकांनी ही मागणी केल्याचं अजून ऐकलेलं नाही.

आता मार्जिन. इमारतीच्या पुढे आणि बाजूंनी नियमाने मोकळी सोडायची जागा, म्हणजे फ्रंट मार्जिन आणि साइड मार्जिन. उजेड-वारा हे एक कारण. दुसरं असं की आग लागली तर अग्निशमन दलाची गाडी आत वळली पाहिजे. कोरेगाव पार्कात या जागेचं काय होतं ते ठरलेलं आहे. पहिल्या पावसाळ्यात ताडपत्री येते, फक्त पावसापुरती. दिवाळीपर्यंत ताडपत्रीखाली बांबू, बांबूला वेल. पुढच्या उन्हाळ्यात वर पॉलिकार्बोनेट, बाजूला काचा, आणि काचा आल्या की एसी. तोवर त्या जागेत बारा टेबलं बसलेली असतात आणि नकाशात मात्र ती मोकळीच असते. गच्चीवरची हॉटेलं ही याचीच वरच्या मजल्यावरची आवृत्ती. मुंबईत कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ ला गच्चीवरच्या हॉटेलात आग लागून १४ माणसं गेली, तेव्हा राज्यभर तपासण्या झाल्या. पुण्यातही झाल्या. मला नेहमी प्रश्न पडतो, की तपासणीचा अहवाल आला तरी शेड पाडण्यासाठी कुणीतरी मरावंच का लागतं.

याच रस्त्यावर भुर्जीपावची गाडी लावणाऱ्याचा अनुभव वेगळा. त्याच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्यात नोटिशीची, पुनर्वसनाची तरतूद आहे. प्रत्यक्षात अतिक्रमणची गाडी येते आणि सिलिंडरसकट सगळं उचलते. मार्जिनमधल्या बारा टेबलांना नोटीस, मग सुनावणी, मग स्थगिती. दोघेही सार्वजनिक हिताच्या जागेवर धंदा करतात. फरक इतकाच की एकाकडे वकील आहे.

आवाजाबद्दल फार लिहीत नाही, कारण नियम स्पष्ट आहे आणि तो मोडलेला कानाला ऐकू येतो. २००० च्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा ४५ डेसिबल. काचेच्या शेडमध्ये डीजे लावला की ती टिकत नाही. (गणपतीतल्या स्पीकरच्या भिंतींनाही हाच नियम आहे, हे मला ठाऊक आहे, तिथेही तो लावावा.)

पाट्यांची गोष्ट मात्र सांगायला हवी. दुकानांवर मराठी पाट्या सक्तीच्या झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२३ पर्यंतची मुदत दिली, आंदोलनं झाली, पाट्या लागल्या. चांगलंच झालं. पण एवढी माणसं एकेका हॉटेलाच्या दारात जाऊन पाटीतल्या अक्षरांचा आकार बघून आली, तेव्हा पाटीखालच्या मार्जिनमधलं टेबल कुणाच्या नजरेत आलं नाही? अस्मितेला पाटी दिसते, नकाशा दिसत नाही.

आणि आता ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं ते, म्हणजे आतली माणसं.

महागड्या हॉटेलातला वेटर आसाम, नेपाळ, ओडिशा, उत्तराखंड, नाही तर आपल्याच मराठवाड्यातला असतो. राहायला मुंढवा, केशवनगर, घोरपडी. एका खोलीत सहा-आठ जण, कॉट बेसिसवर. त्याच्या दिवसाला 'ब्रेक शिफ्ट' म्हणतात. सकाळी अकराला हजर, दुपारी साडेतीन-चारला मोकळा, साडेसहाला परत, मग शेवटचं टेबल उठेपर्यंत. कागदावर ते नऊ तासच भरतात. मधले तीन तास खोलीवर जाऊन यावं तर जाण्यायेण्यातच जातात, म्हणून तो कुठे तरी बागेच्या बाकावर नाही तर हॉटेलच्याच मागच्या जिन्यात आडवा होतो. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा कामाच्या तासांबरोबर सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा पल्लाही मोजायला सांगतो आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर देतो. रात्री एकला टेबल पुसणाऱ्या मुलाला यातलं काय माहीत असतं आणि माहीत असलं तरी तो कुणाला विचारणार?

उडुपी हॉटेलांतही तास लांबच होते, उगाच जुन्याचं कौतुक नको. पण तिथे एक शिडी होती. वैशाली-रूपालीचे जगन्नाथ शेट्टी कर्नाटकच्या किनाऱ्यावरून कोवळ्या वयात आले आणि हॉटेलात राबत राबत मालक झाले. पुण्यातल्या कित्येक हॉटेलांची कथा अशीच आहे. आज कोरेगाव पार्कात हॉटेल काढायला कोट्यवधींचं भांडवल लागतं. ते गुंतवणूकदार आणतात. तिथला कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, फार तर दुसऱ्या हॉटेलचा मॅनेजर होतो. मालक व्हायचं तर त्याला गावी परत जावं लागतं.

याच माणसाच्या नावावर बिलात एक ओळ असते : सर्व्हिस चार्ज, दहा टक्के. हिशेब करू. जेवण चार हजारांचं, त्यावर दोनशे जीएसटी, एकूण बेचाळीसशे. सर्व्हिस चार्ज लावला की चव्वेचाळीसशे, आणि जीएसटी त्या वाढीव रकमेवर, म्हणजे दोनशे वीस. बिल ४,६२० रुपये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलं की हा चार्ज आपोआप लावता येणार नाही. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. २८ मार्च २०२५ ला त्याच न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली आणि हॉटेलमालकांच्या दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख भरायला सांगितले. संघटना अपिलात गेल्या.

निकाल मला पटतो. पण त्यानंतर आमच्यासारख्या मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाने जे सुरू केलं ते पटत नाही. १९१५ हा हेल्पलाइन नंबर पाठ, मॅनेजरला बोलावून चार्ज काढून घ्यायचा, आणि टेबलावर एक रुपया न ठेवता उठायचं. वर त्याचा फोटो काढून हक्काची लढाई जिंकल्याचं सगळ्यांना कळवायचं! चारशे वीस वाचले ते मालकाच्या खिशातून की वेटरच्या, हे बघायची तसदी नाही. मालकाला विचारलं तर तो म्हणतो, पैसे स्टाफला जातात. जात असतील, तर पगारपत्रकावर दाखवा. माझं मत साधं आहे : ही ओळच नको. मेन्यूतला दर दहा टक्क्यांनी उघड वाढवावा आणि ते पैसे पगारात द्यावेत. साडेचारशेचा पास्ता चारशे पंच्याण्णवला झाला म्हणून कोरेगाव पार्कात कुणी उपाशी उठणार नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं की इतके नियम लावले तर हॉटेलं बंद पडतील आणि त्याच मुलांचा रोजगार जाईल. काही बंद पडतील, हे खरं आहे. ज्या धंद्याचा नफा फुकटच्या मार्जिनवर, फुकटच्या पार्किंगवर आणि न दिलेल्या ओव्हरटाइमवर उभा आहे, तो धंदा आज गल्लीतले लोक आणि वेटर मिळून चालवत आहेत; त्यांना भागीदारी तरी द्या. आणि जो मालक नियमाने मोकळी जागा मोकळी ठेवतो त्याची टेबलं कमी, उत्पन्न कमी, भाडं तेवढंच. आजच्या व्यवस्थेत मार खातो तो हाच मालक. नियम पाळणारी हॉटेलं जगवायची असतील तर न पाळणाऱ्यांचा खर्च वाढवण्यावाचून मार्ग नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. पेठांत काय वेगळं चालतं? रविवारी सकाळी नावाजलेल्या मिसळीच्या दुकानासमोर डबल पार्किंग असतं, अमृततुल्याच्या दारात दुचाक्यांनी अर्धा रस्ता अडवलेला असतो, आतली भांडी घासणारी पोरं तिथेही तेवढीच थकलेली असतात. मान्य. हिशेबाच्या भाषेचा फायदा हाच की ती पिनकोड विचारत नाही. तर्री आणि टकिला यांत तिला फरक दिसत नाही. कोरेगाव पार्कापासून सुरुवात करावी ती तिथली माणसं पापी आहेत म्हणून नव्हे, तिथे पैसा आहे म्हणून; पार्किंगचे पन्नास रुपये तिथे सगळ्यात कमी दुखतील.

एक छोटी गोष्ट लगेच करता येईल. हॉटेलच्या बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक छापणं १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचं आहे. त्याच्याखाली आणखी एक ओळ छापायला लावा, किंवा क्यूआर कोड : मंजूर नकाशानुसार या जागेत किती खुर्च्या, किती गाड्यांचं पार्किंग, कुठली जागा मोकळी. गिऱ्हाईक कॉफी येईपर्यंत मोबाइल बघतच असतं, हेही बघेल. आपलं टेबल फायर ब्रिगेडच्या वाटेवर मांडलेलं आहे हे कळल्यावर तरी तो आत जागा मागेल.

महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं शहर प्रशासकाच्या हाती होतं. तेव्हा हे कुणाला सांगायचं हाच प्रश्न होता, नगरसेवकच नव्हते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, आता आहेत. नवे नगरसेवक एखाद्या रात्री कॅमेरे घेऊन पबमध्ये शिरतील, तरुण मुलामुलींना चार शब्द सुनावतील, तेव्हा त्यांना विचारता येईल की २०१८ च्या पार्किंग धोरणाची फाइल कुठल्या टेबलावर आहे आणि ती मुख्य सभेत पुन्हा कधी येणार.